ईस्टरपूर्वी माळा

“माझ्या भिंतीला हात लावायचा नाही. सही मिळणार नाही,” शेजारचे क्रॅबट्री दारातूनच म्हणाले.

ग्लेंडा कागद घेऊन परतली. लीड्सच्या त्या गल्लीतली शंभर वर्षांपूर्वीची घरं एकमेकांना खेटून उभी. माळा उंचवून वर खोली काढायची तर लोखंडी तुळई शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या भिंतीत बसवावी लागणार होती. आणि ज्या संस्थेतून घरात नवं माणूस आणायचं होतं, ती ईस्टरला बंद होणार होती. तोवर खोली झाली नाही, तर तिथल्या बाकी सगळ्यांबरोबर त्या माणसालाही कुठेतरी लांब हलवणार होते.

“या वयात लेकरू आणताय बाई, कंबर धरेल!” मिस्त्री डेझमंड हसत म्हणाला.

“धरू दे.”

“वरची खोली पोराला आवडेल मात्र. छतात खिडकी, झोपून ढग बघायचे.”

“वर आम्ही दोघं झोपणार. आमची खोली द्यायचीय. न्हाणीघर जवळ पडतं.”

“लाडावून ठेवाल!”

“ठेवणारच. फार वर्षं वाट पाहिलीय.”

दुसऱ्या दिवशी ती आल्याचा केक घेऊन क्रॅबट्रींकडे गेली. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“आधी का नाही बोललीस, पोरी?” त्यांनी सही ठोकली. “आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लाव.”

छप्पर उघडलं, तुळई चढली, दोनदा पावसाने काम थांबलं. पण ईस्टरच्या चार दिवस आधी डेझमंडने हत्यारं आवरली.

शनिवारी सकाळी तिच्या नवऱ्याने, हॉवर्डने, खालच्या खोलीतली चादर तिसऱ्यांदा नीट केली. ग्लेंडा खिडकीपाशी उभी होती.

“आवडेन का रे मी?”

“वेळ लागतो म्हणाल्यात संस्थेतल्या बाई. लगेच गळ्यात पडू नकोस.”

गाडी थांबली. संस्थेतल्या बाईंनी एक छोटी बॅग उतरवली आणि मागचं दार उघडून हात पुढे केला. ग्लेंडा धावत फाटकापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

पंचावन्न वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी, तीन दिवसांची मुलगी परक्यांच्या हाती सोपवावी लागलेली एक बाई काठी टेकत हळूच खाली उतरली.

“तुम्हाला... तुला,” ग्लेंडाने विचारलं, “आई म्हणू का?”