टेलरबाईंचं जागरण

पाचवी तार डोक्याला चिकटायच्या आतच ते घोरायला लागले.

तपासणी करणारी ताई हातातली चिकट मलमाची डबी तशीच धरून उभी राहिली. मेंदूचा आलेख काढायला आलेला माणूस झोपावा म्हणून तिला एरवी नाना खटपटी कराव्या लागत. आदल्या रात्री जागून या, असं बजावूनसुद्धा माणसं छताकडे बघत पडून राहत. हे गृहस्थ मात्र उशीला डोकं टेकताच ढाराढूर.

“रात्री जागेच होते हो,” कोपऱ्यातल्या स्टुलावरून टेलरबाई म्हणाल्या. नवऱ्यावर परीक्षेत कॉपी केल्याचा आळ आल्यासारखा त्यांचा आवाज होता. “मी स्वतः समोर बसून पत्ते खेळले त्यांच्याशी. एक डुलकी काढू दिली नाही.”

ताई हसली आणि उरलेल्या तारा हलक्या हाताने चिकटवू लागली. बाईंना मात्र हसू येईना. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सत्तरी ओलांडल्यावर, ध्यानीमनी नसताना, नवऱ्याला पहिली फिट आली. तीही झोपेत. एका गोळीने भागलं नाही म्हणून दुसरी सुरू झाली, आणि त्याच सुमारास हा माणूस मुका झाला. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस! ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत बसमधल्या सगळ्यांची खबरबात ठेवणारा. शेजारपाजारचे त्यांना डबलबेल म्हणत. ते डबलबेल आता भिंतीला धरून चालत आणि जेवताना घास हातात घेऊन ताटाकडे बघत बसत. एवढं करून फिट काही थांबल्या नव्हत्या. आज आलेख बघून डॉक्टर तिसरं औषध लिहून देणार होते. दोन औषधांनी एवढं नेलं, तिसरं काय शिल्लक ठेवणार, हेच बाईंच्या सारखं मनात येई.

बरं, त्यांनी करण्यात काही कसर ठेवली नव्हती. दुसरी गोळी सुरू झाली तेव्हा त्यांनी शिवणाचं दुकान बंद केलं आणि शेवटचं काम घरचंच केलं. मऊ कापडाचे दोन पट्टे शिवले. रात्री एक नवऱ्याच्या मनगटाला, एक स्वतःच्या, मध्ये वीतभर फीत. त्यांचा हात जरा हलला की आपल्याला कळावं. “डोळ्याला डोळा लागत नाही हो माझ्या,” असं त्या भाजीवालीपासून थोरल्या जावेपर्यंत सगळ्यांना सांगत. त्यात थोडी कुरकुर होती आणि बराचसा तोरा. तो का नसावा? फिट आली की दरवेळी त्या पहिल्याच झटक्याला उठून बसलेल्या असत. एकदाही चुकल्या नव्हत्या.

आलेख पुरा झाल्यावर ताईने डबलबेलना हलवून जागं केलं. केसांत मलम, गालावर उशीची घडी. त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

“माझा स्टॉप मागे गेला वाटतं,” ते म्हणाले.

बाई बघतच राहिल्या. असं काही त्यांच्या तोंडून ऐकून युगं लोटली होती.

डॉक्टरांनी आलेख वरपासून खालपर्यंत वाचला. “काका, एका रात्रीच्या जागरणाने कुणी असं झोपत नाही. घरी झोप कशी आहे?”

“मस्त!” बाईंनी परस्पर सांगून टाकलं. “ओंडक्यासारखे पडलेले असतात. कूससुद्धा बदलत नाहीत.”

“मी काकांना विचारलं.”

डबलबेलनी मनगट चोळलं. बाईंकडे न बघता ते म्हणाले, “हललो की फीत ओढली जाते. म्हणून हलत नाही. आणि असं ताठ पडून झोप काही येत नाही. पहाटे कधीतरी लागते, तर नेमकी तेव्हाच फिट येते.”

डॉक्टरांनी औषध लिहायला उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. मग त्यांनी बाईंना नीट समजावून सांगितलं. झोप अपुरी राहिली की फिट यायला निमित्त मिळतं, आणि या वयात शरीर ते जागरण सोसत नाही. गोळ्यांनी काका थोडे मंद झाले असतील, पण सगळा दोष गोळ्यांचा नाही. “नवं औषध आज नको. आहेत त्याच गोळ्या वेळेवर द्या आणि तो पट्टा आधी काढा. गादीखाली ठेवायचं यंत्र मिळतं, अंग झटके द्यायला लागलं की ते वाजतं. ते बसवून घ्या. काकांना मोकळं झोपू द्या. महिन्याने या, मग बघू.”

बाईंना आनंद झाला. पण त्याच्याही आधी रडू आलं. ज्या हातांनी माणसाला जपायचं, त्याच हातांनी आपण त्याची झोप बांधून ठेवली, हे त्यांना सोसवेना. आणि रडण्याच्या पाठोपाठ, नेहमीसारखा, राग आला.

“तोंड नव्हतं का तुम्हाला? एवढे दिवस मुकाट पडून राहिलात! ओढली गेली असती फीत तर काय आभाळ कोसळणार होतं? मी काय झोपलेली होते? टक्क जागीच असायचे ना मी रात्रभर!”

डॉक्टरांनी उगाचच आलेखात डोकं घातलं. डबलबेलनी खिशातला रुमाल काढून बायकोपुढे धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

“वेडे, तू जागी असतीस, तर मी खुशाल कूस बदलली नसती का?”