आठवी पायरी

विहिरीच्या पाण्याची नोंद ठेवणारं एक मोफत सॉफ्टवेअर गावोगावी पसरत होतं. ते कसं वापरायचं, याची मराठी पानं वेबसाइटसाठी मुदखेडची मनिषा लिहायची. त्यातल्या एका पानावर तिनं सात पायऱ्या लिहिल्या होत्या. वेबसाइटवर आठ दिसत होत्या.

आठवी होती: ‘यापुढं कुणालाही विचारू नका.’

तिनं ती तीनदा पुसली. तिन्ही वेळा ती परत आली. चौथ्यांदा दिसली तेव्हा भर दुपारी मनिषाचं डोकं फिरलं. तिच्याशिवाय ते पान बदलायची मुभा फक्त चाकूरच्या आनंदराजला होती. तिनं त्याला फोन लावला.

“लोक शिकायला येतात तिथं, अन् तू थट्टा करून राहिलास? लाज न्हाई वाटत?”

“ताई, म्या हातबी लावला न्हाई. बदलांच्या यादीत बघा, समदीकडं तुमचंच नाव हाय.”

“खोटं बोलू नको! दोन महिने राबले मी त्या पानावर!”

ओरडता ओरडताच तिनं रागानं पान पुन्हा उघडलं. आठवी पायरी बदलली होती.

‘आनंदराजला विचारू नका. तो आज सकाळीच वारला.’

मनिषानं फोन कानापासून दूर धरून नाव पाहिलं. आनंदराजचंच होतं.

फोनमधला आवाज शांतपणे म्हणाला, “वाचलं का, ताई?”