धुतलेला कॅन

शरणम्मानं कॅनचं झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि झटक्यात मान मागं घेतली.

"बघा! संडास धुवायच्या ॲसिडचा वास यायलाय. लॅबवाल्यांनी कुणाचा तरी वापरलेला कॅन गळ्यात मारलाय."

बुडाशी घोटभर पाणी हलत होतं. तिनं ते मोरीत ओतलं. मागच्या नळाखाली कॅन धरला, साबणाची पूड टाकली, काथ्यानं आतून-बाहेरून घासला, तीनदा विसळला. कॅनवर इंग्रजीत लाल अक्षरांची चिठ्ठी होती. इंग्रजीत छापलं म्हणून घाण काही स्वच्छ होत नाही, असं तिचं मत. चिठ्ठीही निघाली. कॅन उन्हात लख्ख वाळला.

कॅन सुनेसाठी आला होता. चोवीस तासांची लघवी, एक थेंब न सांडता, त्यात साठवायची. चार महिन्यांपासून शैलश्रीला मध्येच धडधडायचं, दरदरून घाम सुटायचा, डोकं ठणकायचं. ब्लडप्रेशर एकदम चढायचं आणि तासाभरात आपलं आपण उतरायचं. बिदरच्या डॉक्टर विनीताबाई म्हणाल्या, माणूस घाबरला की शरीर जे रस सोडतं ते लघवीत उतरतात. ते मोजू. फार निघाले तर मूत्रपिंडाच्या वर गाठ आहे का ते बघावं लागेल, आणि मग वेळ घालवायचा नाही.

"घाबरायला काय झालंय हिला?" शरणम्मा आल्या-गेल्याला विचारायची. "घरात नळ हाय, गॅस हाय, मिक्सर हाय. मी आडाचं पाणी शेंदून चार लेकरं वाढवली. माझं मूत कुणी बिदरला न्हेलं न्हाई."

तिनं ठरवून टाकलं होतं. रिपोर्ट साफ आला, की शैलश्रीनं आपली बॅग घेऊन चिंताकीला माहेरी जायचं. नाटकं संपली की कळवायचं. परत आणायचं का नाही, ते मग बघू. मुलानं, किरणकुमारनं, मान हलवली. कमलनगरात त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं, तिथं तो चार माणसांना दरडावायचा. घरात मात्र मान तेवढी त्याची, हलवायची आईनं.

ते चोवीस तास शरणम्मानं मोठ्या करमणुकीत घालवले. कॅन थंड जागी ठेवायचा होता. फ्रिजचं नाव निघताच ती आडवी आली, त्यात पूजेचं दूध होतं. कॅन न्हाणीत पाण्याच्या बादलीत बसला. केळ, चहा, कॉफी बंद. "केळ खाल्लं तर मूत खोटं बोलतंय व्हय?" शैलश्री न्हाणीकडं निघाली, की ही सोप्यातून ओरडायची, "घागर भरली का न्हाई अजून?" शेजारच्या बाया फिदीफिदी हसायच्या. शैलश्री पदर तोंडाशी धरून आत जायची.

पाचव्या दिवशी तिघं डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. किरणकुमारच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. त्यानं बोटानं वर-खाली करून पाहिला.

"सगळं नॉर्मल हाय, आई."

"मग! मी काय म्हणलते?" शरणम्मानं बाकावरच्या सगळ्या आजारी माणसांकडं अशा नजरेनं पाहिलं, की दोघंतिघं सावरून बसली. "ऊठ ग. तीनला औरादची बस हाय, तिथनं चिंताकी. डॉक्टरीणबाईला नमस्कार कर अन् चाल."

आत गेल्यावर डॉक्टरांनी मात्र रिपोर्टची शेवटची ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"कॅनमधलं औषध कुणी ओतून दिलं?"

डॉक्टरांनी ती ओळ बोटानं दाखवली.

"बुडाशी आम्ल घातलेलं होतं. त्याच्याशिवाय हे रस टिकत नाहीत, नासून जातात. तुमच्या नमुन्यात आम्लाचा थेंब नाही, असं लॅबनं खाली लिहिलंय. हा रिपोर्ट नॉर्मल नाही. हा रिपोर्टच नाही."

किरणकुमार बायकोवर उखडला. "तू सांडलंस? एवढं एक काम जमंना व्हय तुला?"

शैलश्रीनं खाली पाहिलं. नवऱ्याला नाही म्हणाली नाही, सासूकडं बोटही दाखवलं नाही.

शरणम्माला ते सहन झालं नाही. आपण केलेल्या स्वच्छतेचं श्रेय आजवर तिनं कुणाला घेऊ दिलं नव्हतं. "तिला काय विचारायलास? मी धुतला. घाण वास यायलता. माझ्या घरात घाण चालत न्हाई."

डॉक्टर शैलश्रीकडं वळल्या.

"लॅबमध्ये तुम्हाला समजावून सांगितलं होतं ना, आतलं औषध सांडू नका म्हणून?"

"व्हय."

"मग सासूबाई कॅन धुवत होत्या, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिथंच."

"बघत होतीस?" शरणम्मा खुर्चीतून अर्धी उठली. "सगळं माहीत असून बघत उभारलीस? स्वतःच्या जिवाची तपासणी अन् त्वांड उघडंना तुझं? अगं, एक हाक मारायची की मला! मी काय खायलते व्हय तुला?"

शैलश्रीनं पदरानं कपाळ टिपलं. पंखा गरगर फिरत होता, तरी वरच्या ओठावर घाम होता. डॉक्टरांनी सवयीनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि ती तिथंच राहू दिली.

"हाकच मारायलते, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमच्या मागं हातभर अंतरावर उभी होते. 'आत्या' म्हणायला त्वांड उघडलं, अन् तेच सुरू झालं. धडधड, घाम. मग भिंतीला धरून खाली बसले, तवर तुमचं विसळून झालतं."