उजवी बाजू

अंधारात नूतननं फिल्मच्या डब्यावरची चिकटपट्टी चाचपली. पट्टीचं टोक दुमडलेलं लागलं. डबा धुळ्याला पाठवताना तिनंच ते तसं दुमडलं होतं, दीपमालाला नखानं उकरत बसावं लागू नये म्हणून. परत पाठवताना दीपमालानंही तसंच दुमडलं असेल, असं स्वतःला सांगत तिनं पट्टी ओढली.

जामनेरच्या त्या दवाखान्यात एक्स-रे आता कॉम्प्युटरवर निघत. जुन्या डार्करूममध्ये फरशी पुसायच्या बादल्या ठेवत. नूतन तिथली एक्स-रे टेक्निशियन. रविवारी दुपारी पेशंट नसले की ती बादल्या बाहेर काढायची, दाराच्या फटीला चादर लावायची आणि सिनेमाची फिल्म धुवायला शिकायची. शंभर फूट फिल्म, म्हणजे पावणेतीन मिनिटं. हातात मोबाइल असताना हे कशाला, असं घरच्यांनी विचारून झालं होतं, डॉक्टरांनीही. न विचारणारी एकच होती, धुळ्याची दीपमाला. नाशिकच्या आठ दिवसांच्या शिबिरात दोघी एका बाकावर बसल्या होत्या. निघताना दोघींनी मिळून एक जुना, चावी देऊन चालणारा कॅमेरा घेतला. तेव्हापासून तो एसटीच्या पार्सलनं जामनेर-धुळे करत होता.

हे रीळ दोघींचं होतं. नूतननं भिंगासमोर काळा पुठ्ठा धरून उजवी बाजू झाकली आणि फक्त डाव्या बाजूवर चित्र घेतलं. मग रीळ अंधारात उलटं गुंडाळून कॅमेऱ्यासकट पाठवून दिलं. दीपमालानं त्याच फिल्मवर डावी बाजू झाकायची आणि उजवी भरायची. काय घेतलं ते एकमेकींना सांगायचं नाही. कशाशेजारी काय येतं ते फिल्म धुतल्यावरच कळणार.

त्याला सात महिने झाले. काल पार्सल आलं. आत डबा होता, कॅमेरा होता, कॅमेऱ्याचा पट्टा नीट गुंडाळलेला होता. चिठ्ठी नव्हती.

नूतननं फिल्म डेव्हलपरच्या बादलीत सोडली आणि हातानं खालीवर करत राहिली. दारावर थाप पडली.

"नूतनताई, काय करी ऱ्हायनी तू मझार?" आत काय चाललंय, असं दवाखान्यातल्या मंजुळाबाई विचारत होत्या. "रविवारले कोना फोटू शे?"

"कोणाचाच नाही, मावशी."

"मंग?"

थोड्या वेळानं चपलांचा आवाज लांब गेला.

चित्र पक्कं करणारा फिक्सर झाला, पाणी झालं. तिनं दिवा लावला. एक्स-रे बघायची जुनी पेटी भिंतीवर होती, तीही लावली आणि ओल्या फिल्मचं टोक तिच्यासमोर धरलं. डावीकडे केळीची फाटकी पानं होती, नळावर वाकलेल्या आईची पाठ होती. एका जागी नूतननं आपलाच हात मधल्या रेघेपर्यंत नेला होता. हात रेघेला येऊन थांबला होता.

उजवीकडे काही नव्हतं. अंधूक नव्हतं, हललेलंही नव्हतं. काचेसारखं स्वच्छ होतं. त्यातून तिला स्वतःचा अंगठा दिसत होता. ती हात-हातभर फिल्म पुढे सरकवत गेली. शेवटपर्यंत तसंच. त्या बाजूवर उजेड कधी पडलाच नव्हता.

फोन वाजला. दीपमाला होती.

"मिळालं?"

"मिळालं."

"धुतलंस?"

"आत्ताच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दीपमालानं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"नूतन, अगं, माझं ना..."

"छान आलंय," नूतन म्हणाली.

ती तसं का बोलली, ते तिलाही सांगता आलं नसतं. दीपमालाचं ते वाक्य पुरं झालं असतं तर कॅमेरा यापुढे जामनेरलाच राहिला असता, एवढंच तिला कळत होतं.

अगदी बारीक आवाजात दीपमालानं विचारलं, "काय आलंय?"

नूतननं फोन खांद्यात धरला आणि फिल्म दोन्ही हातांत ताणली.

"गच्ची आहे. तुमचीच असेल."

"हं."

"दोरीवर कपडे आहेत. एक साडी वाऱ्यानं सारखी माझ्या केळीपर्यंत येते आणि मागे जाते."

"सासूबाईंची असेल," दीपमाला म्हणाली. मग म्हणाली, "आणखी?"

"मागे पाण्याची टाकी आहे. टाकीवर ऊन आहे. आणि..." नूतन अडखळली. "वर काहीतरी उडतंय. पाखरू असावं. तीन-चार सेकंदच आहे."

नूतननं खांद्यातला फोन कानाशी घट्ट दाबला.

"पाखरू नाही ते," दीपमाला म्हणाली. "प्लास्टिकची पिशवी होती. वावटळीत वर गेलेली. खाली म्हणून येईना. मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी होते."

नूतननं कोरी फिल्म दिव्याच्या आणखी जवळ नेली आणि डोळे बारीक केले.

"हो गं," ती म्हणाली. "पिशवीच आहे."