चढणीचे टायर

धोंडूच्या बापाने डोलीतच प्राण सोडला. डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या वाडीतून खांद्यावर घेऊन खाली डांबरी रस्त्याला आणेस्तोवर उशीर झाला. ते धोंडूच्या मनातून गेलं नाही. यंदा त्याने रत्नागिरीत पिकअपला मोठे, खोल खाचांचे टायर बसवले, चाकं घासू नयेत म्हणून मडगार्ड कापून घेतले आणि कातळाची चढण चढून गाडी थेट अंगणात आणली. बायकोला, सावित्रीला म्हणाला, "आता वाडीतला कोण डोलीतून जायचा नाय."

वाडीचे दिवस पालटले. पायी उतरून कामाची पाळी गाठता येत नाही म्हणून आजवर आंब्याच्या बागांत राबणारे गडी आता जयगडच्या बंदरात कामाला लागले.

परवा सकाळची फेरी करून आल्यावर दुपारी टायरच्या खाचांतली खडी काढता काढता धोंडूने छाती धरली आणि तो चाकाला टेकून खाली बसला. अॅम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "आमची गाडी वर चढत नाही. पेशंटला खाली आणा." धोंडूची गाडी दारातच होती, पण ती चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. सावित्रीने देवळाच्या पडवीतून जुनी डोली ओढत आणली आणि घराघरासमोर उभी राहून हाका मारल्या.

दारं उघडली. बाहेर आली ती सगळी म्हातारीकोतारी.

डोलीला खांदा देणारे सगळे सकाळीच जयगडला गेले होते, धोंडूच्या गाडीतून.