बोट न लागणारी

गुरोने माशाच्या सुपाचं एक ओगराळं बादलीत ओतलं, गाजराचे दोन तुकडे वर जास्तीचे टाकले, गालांना मैदा चोळला आणि ती कण्हत कण्हत डेकची शिडी चढली. डेकवर सुकाणूचं चाक धरून सिल्ये उभी होती. रोज तीच असायची.

शाळेच्या त्या शिडाच्या जहाजावर रीतच तशी होती. ज्याला बोट लागेल त्याला चाकावर उभं करायचं. हाताला काम आणि नजर क्षितिजावर, की पोट आपसूक जागेवर येतं. ज्याला लागत नाही त्याची रवानगी खाली, बटाटे सोलायला, भांडी घासायला. त्या कोंदट हेलकाव्यांत दुसरं कोण टिकणार? गुरो लोफोटेनच्या कोळ्याची मुलगी. अटलांटिकने तिच्या पोटापुढे हात टेकले होते. बक्षीस काय, तर कॅरिबियनपासून इथवरचा सगळा समुद्र तिने बटाट्याच्या सालींआडून पाहिला.

आणि ऑस्लोची ही सिल्ये, जिला घरच्या न्हाणीतही भोवळ यावी, ती राणीसारखी चाकावर. तिचे गाल वाऱ्याने लाल, गुरोचे डोळे कांद्याने. वर साळसूदपणा असा, की दर दोन दिवसांनी म्हणायची, मला आता बरं आहे, गुरोला द्या ना चाक. दुय्यम कप्तान तूर्लाइफ ते कधी मनावर घ्यायचा नाही. त्या बयेला ते पक्कं ठाऊक होतं, असं गुरोचं मत. कुणी घेणार नाही म्हटल्यावर दान करायला काय जातं?

एरवी गुरोने हेही पचवलं असतं. पण उद्या बर्गन. बंदरात शिरताना चाक कुणाच्या हाती, ते आज ठरणार होतं, आणि धक्क्यावर बाबा येणार होते. बाबांच्या बोटीवर दोन्ही भावांनी सुकाणू धरलं, गुरोच्या हाती कायम कॉफीचा थर्मास. 'पोरीची कॉफी मात्र फक्कड,' एवढंच कौतुक बाबा चारचौघांत करायचे. उद्याही ती खालून हात पुसत वर आली, तर बाबा पुन्हा तेच म्हणणार.

तूर्लाइफने बादलीत डोकावून पाहिलं. मग तिच्या पांढऱ्या गालांकडे पाहिलं.

"तुला बोट लागली? मग आता माशांनाही लागेल."

सकाळपासूनच होतंय, असं गुरो पुटपुटली आणि बरगड्या धरून वाकली. त्याने सिल्येला गुरोच्या जागी खाली धाडलं आणि चाक गुरोच्या हाती दिलं.

चाक तळहातात जिवंत माशासारखं थरथरत होतं. जरा वळवलं की सगळं जहाज, तिन्ही डोलकाठ्यांसकट, तिचं ऐकायचं. खालून बारीक आवाज आला. सिल्ये रडते आहे की काय, म्हणून गुरोने कान दिला. ती गात होती. गाऊ दे बापडी. आज पहिल्यांदाच गुरोला तिचं वाईट वाटलं, थोडंसं, परवडेल एवढं.

"उद्या ओहोटी आणि वारा समोरासमोर भिडणार," तूर्लाइफ शेजारी येऊन म्हणाला. "बंदराच्या तोंडाशी जहाज घोड्यासारखं उधळेल. कप्तानांनी विचारलं, पोट ढळत नाही असं कोण आहे. मी तुझं नाव दिलं होतं. सिल्येनेही तुझंच सांगितलं." तो क्षणभर खालचं गाणं ऐकत राहिला. "आता तिलाच उभं करू. खाली जाऊन गातेय, म्हणजे सुधारली."

गुरोच्या तोंडचं पाणी पळालं. मैद्याखालचा चेहरा आता खरोखर पांढरा पडला.

"मी बरी आहे. मला कधीच काही झालं नव्हतं. बादलीत सूप आहे हो, शप्पथ. बघा तरी."

तूर्लाइफने बादली उचलली, वाऱ्याची दिशा बघून समुद्रात रिकामी केली आणि तिच्या पायाशी परत ठेवली.

"चाक हातात आलं की सगळ्यांनाच बरं वाटतं," तो म्हणाला. "म्हणून तर देतो."