सहा सिलिंडर

सर्व्हर रूममध्ये आग विझवणाऱ्या वायूचे सहा जुने सिलिंडर होते. त्यांना लावलेल्या सहाही चिठ्ठ्यांवर दरवर्षी देखभालप्रमुख खानविलकरांच्या अक्षरात एकच वजन लिहिलेलं होतं: ब्याऐंशी किलो.

“सर, हा वायू गळला तर ओझोनचा थर विरळ होतो. दुसरा घेऊया,” नवी इंजिनिअर मृण्मयी म्हणाली.

“ओझोन आभाळात, मशिनं माझ्याकडे!” खानविलकर डाफरले. “वीस वर्षं मी हे राखतोय, कणभर गळलेला नाही. फार शिकलात ना? करा वजन. उचलायला मात्र दोन माणसं आणा, बाई.”

तिनं वजनकाटा आणला आणि पहिला सिलिंडर एकटीनंच त्यावर चढवला. सिलिंडरच्या मानेवर कोरलं होतं: रिकामं वजन चौतीस किलो.

वजनकाट्यावरचे आकडे धावले आणि थांबले. चौतीस किलो.